पंचवीसच्या चिप्स पुरेनात: पाचशे चिप्सचा पोकर सेट, सात महिन्यांनंतर

जूनमधल्या एका शनिवारी पहिल्या अर्ध्या तासातच दोघे बाद झाले. दोघांनी रीबाय (बाद झाल्यावर पुन्हा नव्या चिप्स घेऊन डावात बसणं) मागितला आणि पेटीत पाहतो तर पंचवीसच्या चारच चिप्स. डाव थांबला. शेवटी कॅरमच्या सोंगट्या पंचवीसच्या म्हणून वाटल्या. साडेतीन हजार मोजून आणलेल्या सेटवर ही वेळ यावी याचा फार राग आला.

विश्रामबागेत आमच्या गच्चीवरच्या खोलीत आठ जण बसतो. पैसे लावत नाही. रीबाय घेईल त्याने पुढच्या वेळी भडंग आणायचं.

सेट साडेअकरा ग्रॅमच्या चिप्सचा, पेटीवाला. माझ्यात पंचवीसच्या १००, शंभरच्या १५०, पाचशेच्या १००, हजारच्या १०० आणि पाच हजारच्या ५०. ही शेवटची वाटणी मला आजही पटत नाही. प्रत्येकी ५,००० ने सुरुवात, वर आठ रीबाय धरले तरी टेबलावर ८०,००० येतात. पाच हजारच्या पन्नास म्हणजे अडीच लाख! घरी कोण खेळतं एवढं? विकणाऱ्याला फोन केला, तर सुट्ट्या चिप्स मिळत नाहीत, दुसरा सेट घ्या म्हणाला. पन्नास चिप्ससाठी पुन्हा साडेतीन हजार घालणार नाही, असं सांगून फोन ठेवला.

बाकी वजन चांगलं, आकडे पुसले नाहीत. पेटीची कडी निखळली, दोरीने बांधली आहे.

माझं मत बदललं ते मेव्हण्यामुळे. त्याचं गणपती पेठेत दुकान आहे, सुट्ट्या पैशांची ओढाताण रोजची. तो म्हणाला, “दाजी, बाद झालेल्याची चिल्लर गेली कुठं? टेबलावरच हाय की, दुसऱ्याच्या पुढ्यात. मग पेटीतनं परत चिल्लर कशाला देताय? बंदे द्या, सुट्टे शेजाऱ्याकडनं घेईल.”

अगदी खरं होतं. आम्ही सुरुवातीलाच प्रत्येकाला पंचवीसच्या बारा देत होतो, आणि रीबायलाही तसाच ढीग. आता सुरुवातीला पंचवीसच्या ८, शंभरच्या ८, पाचशेच्या ४, हजारच्या २. होतात बरोबर ५,०००. रीबायला हजारच्या ४ आणि पाचशेच्या २, बस्स. स्मॉल ब्लाइंडचे, म्हणजे पत्ते वाटण्याआधी पाळीने सक्तीने भरायच्या छोट्या रकमेचे, पंचवीस भरायला तो शेजाऱ्याकडून मोड घेतो. ज्याच्यापुढे चिल्लर साचलेली असते तो आनंदाने देतो.

ब्लाइंड (छोटा/मोठा) पातळीगणिक वाढतात: २५/५०, ५०/१००, ७५/१५०, मग १००/२००. तिसरी पातळी संपली की पंचवीसचं काम संपतं. तेव्हा चाराला एक शंभर देऊन त्या गोळा करतो. कुणाकडे एक-दोन-तीन उरल्या तर दर चिपमागे एक पत्ता वाटायचा आणि मोठ्या पत्त्यांना शंभरच्या चिप्स द्यायच्या. एकूण ६४ वाटलेल्या असतात, त्यामुळे शंभरच्या १६ च जातात आणि हिशेब हलत नाही. वहीत रीबायची रेघ मारायची मात्र चुकवू नका. जमलेली बेरीज त्यावरूनच पडताळता येते.

पाच हजारवाल्यांनाही काम मिळालं. चौथ्या पातळीनंतर रीबाय बंद करतो आणि ज्याला हवं त्याला ॲड-ऑनची, म्हणजे बाद न होताही घेता येणारी जादा, एकच चिप, पाच हजारची. तरी ४२ पडूनच आहेत, आणि ती तक्रार कायम आहे.

मागच्या शनिवारी अकरा रीबाय झाले. त्यांच्यासह हजारच्या ६० आणि पाचशेच्या ५४ निघाल्या. पंचवीसच्या ३६ पेटीतून हलल्याच नाहीत, आणि डाव एकदाही थांबला नाही.