टोट की बुकी? शंभर-दोनशे लावणाऱ्याने कुठे जावं

रेसला अधूनमधून जाणाऱ्या माणसाला घोडा निवडण्याआधी आणखी एक निवड करावी लागते: पैसे टोटच्या (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) खिडकीवर लावायचे की रिंगमध्ये, म्हणजे बुकी भाव लावून उभे असतात त्या जागी, बुकीकडे? मुंबईचं महालक्ष्मी असो की पुणे, दोन्ही सोयी एकाच आवारात असतात. नेहमीचे पंटर वर्षानुवर्षांच्या सवयीने एका बाजूला वळतात, नवा माणूस गर्दी दिसेल तिकडे जातो. मी दोन्हीकडे लावून पाहिलं आहे आणि आता बहुतेक वेळा एकाच ठिकाणी जातो. तरी सुरुवात बुकीपासून करतो, कारण त्याची बाजू खरोखर भक्कम आहे.

बुकीकडे तुम्हाला भाव मिळतो, आणि तो तुमचा होतो. घोड्याला पाचाचा (रुपयाला पाच) भाव असताना तुम्ही पैसे लावले, बुकीने कार्डावर तसं लिहून दिलं, की विषय संपला. पुढच्या दहा मिनिटांत त्याच घोड्यावर पैशांचा पाऊस पडून भाव दोनावर आला तरी तुमचे पाच कायम. रेस सुरू होण्याआधीच आपल्याला नेमकं किती मिळू शकतं हे माहीत असणं ही मोठी गोष्ट आहे. शिवाय रिंग ही बातमीची जागा आहे. तबेल्याचे, म्हणजे घोड्याच्या आतल्या गोटातले, पैसे आले, की ते आधी फळ्यावरच्या भावात दिसतात. आठाचा घोडा चारावर आला तर कुणीतरी काहीतरी जाणून लावतं आहे, एवढं तरी कळतं. हे वाचण्यात तरबेज झालेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

टोटचं गणित वेगळं. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ऑलर यांनी ही पद्धत काढली आणि आजही तिचा गाभा तोच आहे. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमा होतात, त्यातून ठरलेली कपात होते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांत वाटली जाते. समजा विनच्या (पहिल्या येणाऱ्या घोड्याच्या) पूलमध्ये एक लाख जमले, कपातीनंतर ऐंशी हजार उरले, आणि जिंकलेल्या घोड्यावर वीस हजारांची तिकिटं होती. मग रुपयाला चार. तेच चाळीस हजारांची असती तर रुपयाला दोन. इथे तुम्ही टोटशी खेळत नाही, बाजूला उभ्या असलेल्या माणसाशी खेळता. टोटला कोणता घोडा जिंकतो याने काही फरक पडत नाही.

यातली वाईट बाजू उघड आहे. पैसे लावताना काय मिळणार हे पक्कं कळत नाही. पडद्यावर सहा दिसत असतात, शेवटच्या दोन मिनिटांत मोठी रक्कम येते, आणि घोडा जिंकल्यावर डिव्हिडंड (रुपयामागे मिळणारी रक्कम) साडेतीनचा लागतो. जिंकूनही मन थोडं खट्टू होतं. पुण्यात मधल्या वारी, लहान रेसमध्ये पूलच एवढा छोटा असतो की मोठी रक्कम लावणाऱ्याच्या स्वतःच्याच पैशांनी त्याचा भाव खाली येतो. हजारो लावणाऱ्यांनी म्हणूनच रिंगमध्ये जावं, त्यांच्यासाठी हा लेख नाही. शंभर-दोनशेने कुठलाही पूल हलत नाही.

आता ज्या एका गोष्टीवर माझा निर्णय झाला, ती सांगतो.

मला रेसमध्ये सगळ्यात जास्त आवडतो तो पॅडॉक. रेसच्या आधी घोडे तिथे गोल फिरवतात. कुठल्याही रेसबुकात न छापलेल्या गोष्टी तिथे दिसतात: कुणाच्या अंगाला तुकतुकी आहे, कोण मागच्या पायांमध्ये घामाने पांढरा झाला आहे, कोण कान टवकारून शांत चालतो आणि कोण मोतद्दाराला ओढत नेतो. तीन वर्षांचा, पहिल्या-दुसऱ्यांदाच पळणारा घोडा असेल तर आकड्यांपेक्षा हे दृश्य जास्त सांगतं. मग जॉकी येतात, ट्रेनर त्यांच्या कानात शेवटचं काहीतरी सांगतात, घोडे ट्रॅककडे निघतात.

बुकीकडे लावणाऱ्याला हे नीट पाहता येत नाही. चांगला भाव लवकर मिळतो आणि लवकरच जातो, म्हणून रिंगमध्ये ताटकळत उभं राहावं लागतं. नजर फळ्यावर, कान आजूबाजूच्या कुजबुजीवर, पाठ घोड्यांकडे. आणि समजा तुम्ही पॅडॉकला गेलात, एखादा घोडा मनात भरला, लगबगीने रिंगमध्ये आलात, तर भाव आधीच उतरलेला असतो. जे तुम्हाला दिसलं ते इतरांनाही दिसलेलं असतं, आणि ते रिंगच्या जास्त जवळ होते. शेवटी मनासारखा भाव हवा तर घोडा न पाहता लावा, घोडा पाहायचा तर उरलेला भाव घ्या, अशी कात्री होते. ही कुणाची लबाडी नाही, भाव आधी बांधण्याची ती किंमतच आहे. पण दर रेसला तीच ओढाताण झाली, की दुपार घोड्यांसोबत गेली असं वाटतच नाही. मला याचा खरोखर त्रास होऊ लागला.

टोटवर वेळेला किंमत नाही. अर्धा तास आधी तिकीट घेणारा आणि गेटं उघडण्याच्या क्षणभर आधी घेणारा, दोघांना एकच डिव्हिडंड. ज्या गोष्टीबद्दल लोक टोटला नावं ठेवतात, तिच्याचमुळे मी मोकळा होतो. पॅडॉक पाहतो, घोडे बाहेर पडेपर्यंत थांबतो, मग खिडकीवर जातो आणि तरीही उशीर झाल्याचा दंड भरत नाही. खिडकी बंद होण्याआधी पोचायचं, एवढंच पथ्य. रांग लांब असेल तर तिकीट हुकतं, हे मान्य.

पुण्यात हा फरक आणखी जाणवतो. तिथला हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे भर पावसाचा. ट्रॅक किती मऊ आहे याचा पेनिट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो, पण दुपारी मोठी सर आली की तो आकडा शिळा होतो. कोरड्या ट्रॅकवर सुसाट पळणारा घोडा चिखलात अडखळतो, आणि कालपर्यंत मागे रेंगाळणारा एखादा जड जमिनीवर खुलतो. सकाळच्या अंदाजाने रिंगमध्ये भाव बांधून बसलेल्या माणसाला मग सरीकडे हताशपणे बघावं लागतं. टोटवाला पाऊस थांबेपर्यंत, पहिली रेस बघून ट्रॅक कसा पळतोय याचा अंदाज येईपर्यंत थांबू शकतो. सप्टेंबरमध्ये २८०० मीटरची इंडियन सेंट लेजर पुण्यात होते. एवढ्या लांब पल्ल्यात ओल्या जमिनीचा हिशेब चुकला तर बाकी सगळा अभ्यास वाया जातो.

महालक्ष्मीला हिवाळ्यात जमीन बरीचशी भरवशाची असते, त्यामुळे तिथे बुकीचं पारडं थोडं जड होतं. अपवाद फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारचा, इंडियन डर्बीचा. १९४३ पासून चालत आलेल्या या रेसला वर्षातून एकदाच येणारी माणसं लोटतात. ती घोड्याच्या नावावर, जॉकीच्या कपड्यांच्या रंगावर, लेकीच्या वाढदिवसाच्या तारखेवर हौसेने लावतात. हा पैसा टोटच्या पूलमध्ये येतो आणि सगळीकडे विखुरतो. त्या दिवशी विचार करून निवडलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या घोड्याला टोटवर मिळणारा भाव मला रिंगपेक्षा सरस वाटत आला आहे. याची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण तो अनुभव पुन्हा पुन्हा आला आहे. उलट सगळ्यांच्या तोंडी असलेल्या फेव्हरिटला टोटवर हात लावू नये, तिथे काही उरत नाही.

टोटवर आणखी एक मजा आहे, ती म्हणजे विन-प्लेसच्या (घोडा पहिला किंवा पहिल्या काहींत येण्याच्या) पलीकडचे पूल. पहिले दोन घोडे कुठल्याही क्रमाने सांगायचे ती क्विनेला, पहिले तीन नेमक्या क्रमाने सांगायचे तो टनाला, आणि ओळीने पाच रेस जिंकणारे घोडे ओळखायचे तो जॅकपॉट. थोड्या पैशांत दुपारभर गुंतून राहायचं तर क्विनेलासारखं दुसरं नाही. जॅकपॉटच्या वाटेला मी क्वचितच जातो. त्याला अनेक घोड्यांची जोडणी करावी लागते आणि तिकीट बघता बघता महाग होतं.

कराबाबत दोघांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसवरच्या पैजेला ४० टक्के जीएसटी आहे, आधी तो २८ टक्के होता, आणि तो नफ्यावर नसून लावलेल्या रकमेवर आहे. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर वेगळा, आणि त्यातून हरलेले पैसे वजा करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रेसवरची पैज हा कौशल्याचा खेळ मानला खरा, पण एवढ्या करापुढे कौशल्यालाही फार वाव उरत नाही. आमच्यासारख्यांनी लावलेले पैसे म्हणजे दुपारचा खर्च समजावा. म्हणून तर भावातल्या अर्ध्या-पाऊण फरकापेक्षा ती दुपार कशी जाते याला मी जास्त वजन देतो.

आवाराबाहेरच्या, फोनवर पैसे घेणाऱ्या बुकीची तुलना इथे करत नाही. कर वाचतो म्हणून कुणी तो रस्ता सुचवेल, पण जुगारबंदीच्या कायद्यातली सूट फक्त परवानाधारक रेसकोर्सच्या हद्दीतल्या पैजेला आहे. बाहेर पैसे बुडाले तर दाद कुणाकडे मागणार?

एका बाबतीत मात्र मी अजूनही रिंगमध्ये जातो. मागच्या रेसमध्ये एखादा घोडा रेलिंगला अडकलेला, पुढे जागाच न मिळता चौथा-पाचवा आलेला मी स्वतः पाहिलेला असतो, आणि तोच घोडा त्याच अंतरावर पुन्हा पळणार असतो. अशा वेळी माझं मत पॅडॉकच्या आधीच झालेलं असतं आणि ते इतरांना सुचायच्या आत मला भाव हवा असतो. पहिले भाव लागले की लगेच बुकीकडे जायचं, कार्डावरचा घोड्याचा नंबर आणि भाव तिथेच तपासून घ्यायचा, आणि मग निवांत पॅडॉककडे वळायचं.