सेंटर पार्क्स शेरवूड फॉरेस्ट: आई-बाबांना घेऊन जाताय तर सकाळीच पोचा

उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात, मुलांना सुट्टी असते आणि मग सगळ्यांना झेपेल असं जायचं कुठे हा प्रश्न यूकेतल्या बहुतेक मराठी घरांत असतोच. आमच्या घरी याचं उत्तर ठरलेलं आहे, नॉटिंगहॅमशरमधलं सेंटर पार्क्स शेरवूड फॉरेस्ट. हे सुट्टीसाठीचं रिसॉर्ट आहे. जंगलात घरासारखे स्वतंत्र लॉज, मधोमध पोहण्याचा पूल आणि गाड्यांना बंदी, ही मूळ कल्पना डच लोकांची, तिकडे १९६८ मध्ये पहिलं सुरू झालं आणि यूकेतलं पहिलं म्हणजे हेच, १९८७चं. लंडनच्या बाजूला राहत असाल तर यांचंच बेडफर्डशरमधलं वोबर्न जवळ पडेल, आम्ही लेस्टरवाले त्यामुळे आम्हाला शेरवूडच सोयीचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. लॉज ताब्यात मिळतो दुपारी चारला, म्हणून लोक घरी आरामात जेवून-बिवून निघतात, तसं अजिबात करू नका. येण्याच्या दिवशी सकाळी दहापासूनच आत जाता येतं आणि पूल वगैरे सगळं वापरता येतं, म्हणजे पैसे तेवढेच आणि जवळजवळ एक अख्खा दिवस जास्तीचा मिळतो. फक्त पोहायचे कपडे, टॉवेल, बाबांच्या गोळ्या, धाकटीचे डायपर आणि दुपारचा डबा एका वेगळ्या बॅगेत भरून डिकीत सगळ्यात वर ठेवा, नाहीतर पार्किंगमध्ये सगळं सामान उपसत बसावं लागतं. आम्ही मेथीचे ठेपले आणि दहीभात नेला होता, तळ्याकाठी बाकावर बसून खाल्ला आणि मग सगळे पुलावर. पूल भाड्यातच येतो आणि आत साधारण २९.५ डिग्री ठेवतात, त्यामुळे इंग्लंडच्या थंडीला कुरकुरणारी आईसुद्धा पंजाबी ड्रेसची सलवार दुमडून नातीबरोबर पाण्याच्या कडेला मस्त बसली होती.

चारला गाडी लॉजपर्यंत नेता येते, सामान उतरवायचं आणि गाडी परत पार्किंगला, मग निघायच्या दिवसापर्यंत आत गाडी नाही. मला विचाराल तर इथे येण्याचं खरं कारण हेच आहे. घरी असताना फुटपाथवरसुद्धा मी मुलाचं मनगट सोडत नाही आणि इथे तो सायकलवर पुढे सुसाट गेला तरी मी आईचा हात धरून तिच्या चालीने मागून निवांत चालत होते. बाबा कधी नव्हे ते रस्त्याच्या मधून चालले, दोन्ही बाजूला उंच उंच पाइन, खाली सुयांचा गालिचा, हवेला राळेचा वास. संध्याकाळी लॉजच्या काचेच्या दाराशी बदकं येऊन उभी राहतात, चोचीने काचेवर टकटक करतात, कोणी काही घातलं नाही तरी हटत नाहीत. मग अंगणातल्या टेबलावर खार आली, पुढचे दोन पाय छातीशी धरून आईकडे बघत बसली आणि आई तिच्याशी चक्क मराठीत बोलायला लागली, ए बाई, तुला काय हवंय गं म्हणून. नातवंडं हसून हसून लोळली.

किचन पूर्ण असतं, हॉब, ओव्हन, मायक्रोवेव्ह, फ्रिज, डिशवॉशर सगळं. तरी कुकर, मिसळणाचा डबा, कणीक आणि गोडा मसाला घरून न्या, दमून आल्यावर गरम मऊ भात, वरण आणि वर तूप याला तोड नाही. आत हॉटेलं आहेत पण रोज दोन्ही वेळा सहा जणांनी बाहेर खाल्लं तर खर्च फार होतो.

खर्चाचं म्हणाल तर शाळेच्या सुट्टीत भाव बराच चढतो, शाळा चालू असतानाच्या आठवड्यात तोच लॉज कितीतरी स्वस्त मिळतो, मुलं अजून शाळेत जात नसतील तर सोमवार ते शुक्रवारचं बघा. तिरंदाजी, झाडांवर बांधलेल्या दोरांवरून चालणं वगैरेचे पैसे वेगळे आणि ते स्लॉट आधीच भरतात, म्हणून लॉज बुक केल्यावर लगेच त्याचं बघा. पण खरं सांगू, एखादी अ‍ॅक्टिव्हिटी पुरते, बाकी वेळ मुलांचा पूल, सायकल आणि पाइनची बोंडं गोळा करण्यात जातोच.

गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर थोडे जास्त पैसे भरून लॉजची जागा स्वतः निवडा, व्हिलेज स्क्वेअरच्या म्हणजे पूल असलेल्या मधल्या चौकाच्या जवळची. जागा बरीच मोठी आहे आणि लांबचा लॉज मिळाला तर पुलापर्यंत जाऊन येण्यातच म्हातारी माणसं थकतात.

निघायच्या दिवशी लॉज सकाळी दहाला सोडावा लागतो, पूल मात्र त्यानंतरही वापरता येतो. आम्ही पोहून झाल्यावर एडविनस्टोव गावाजवळचा मेजर ओक बघायला गेलो, रॉबिन हूडच्या गोष्टीतला तो शेकडो वर्षांचा, टेकू देऊन उभा ठेवलेला ओक. गाडीने अगदी जवळ आहे, पण पार्किंगपासून झाडापर्यंत चालावं लागतं, तेवढं आई-बाबांना आधी सांगून ठेवा.