डॉक्स कोडच्याच रेपोत ठेवायचे की वेगळ्या?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी ओळखीतली चार पोरं डेटाबेस बॅकअपचं एक ओपन सोर्स टूल लिहितायत. परवा त्यांनी विचारलं, ‘दादा, डॉक्स कोडच्याच रेपोत ठेवू की वेगळी रेपो काढू?’ डॉक्स म्हणजे टूल कसं वापरायचं ते सांगणारी पानं; रेपो म्हणजे ‘गिट’सारख्या टूलनं फाइली बदलांच्या इतिहासासकट ठेवायची जागा. प्रश्न फोल्डरचा वाटतो, पण डॉक्स कोण लिहिणार, कोण तपासणार आणि चूक कुणाच्या लक्षात येणार, हे त्यावरच ठरतं. तुमचंही इथंच अडलं असेल तर माझं मत आधीच सांगतो: माणसं कमी असतील तर एकच रेपो.

पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसचं बघा. त्याचं सगळं मॅन्युअल कोडच्याच रेपोत आहे, डॉक नावाच्या फोल्डरखाली. नवीन सुविधेचा पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) पाठवणाऱ्यानं डॉक्समधला बदलही सोबत द्यावा, अशी तिथं अपेक्षा असते. लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्येही, डॉक्युमेंटेशन फोल्डर कोडशेजारीच आहे. कोड तपासणाऱ्याला दोन्ही बदल एकाच वेळी दिसतात. कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, मागे घेतलं तर डॉक्सही मागे जातात. जुन्या आवृत्तीची ब्रँच (रेपोतली वेगळी शाखा) उघडली की त्याच आवृत्तीचे डॉक्स हाती येतात, वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही.

मी स्वतः एकदा उलटं केलं होतं. डॉक्स वेगळ्या रेपोत होते. बॅकअपच्या एका पर्यायाचं नाव मी कोडमध्ये बदललं आणि डॉक्समध्ये बदलायचं राहून गेलं. जुनं पान वाचून एका कारखान्यातल्या माणसानं रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवायची सोय) लावला. कमांड रोज फेल व्हायची, एररची मेल कुणी उघडायचं नाही. डिस्क गेली तेव्हा कळलं, अकरा दिवसांचा बॅकअपच नाही. दिवाळीच्या तोंडावरच्या ऑर्डरी त्यांनी कागदी चलनं समोर ठेवून परत भरल्या. दोन दिवस मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होतो. त्या माणसाची काहीच चूक नव्हती, त्यानं पानावर लिहिलंय तसंच केलं होतं.

चादरीच्या गावात हे समजायला अवघड नाही. नक्षी ग्राफवर काढतात, त्यावरून छिद्रं पाडलेली कार्डं जेकार्ड मागावर चढतात. चूक सापडल्यावर नुसतं कार्ड बदललं आणि ग्राफ तसाच ठेवला, तर कार्डांचा पुढचा संच जुनी चूक घेऊनच तयार होणार.

एका रेपोचे त्रासही आहेत. एक काना-मात्रा दुरुस्त केली तरी टेस्टचा अख्खा संच चालतो. गिटहबवर (रेपो ठेवायची वेबसाइट) डॉक्स फोल्डर वगळायची सोय आहे, पण सांभाळून: तीच टेस्ट मर्जसाठी (बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्यासाठी) सक्तीची केली असेल तर वगळल्यावर ती ‘पेंडिंग’च राहते आणि मर्ज अडकून बसतो. दुसरं म्हणजे लिहिण्याचा अधिकार तिथं पूर्ण रेपोचा मिळतो, एका फोल्डरपुरता देता येत नाही. कोडओनर्स फाइल लावून त्या फोल्डरला कुणाची मंजुरी लागेल एवढं ठरवता येतं.

आता वेगळी रेपो. इथं मोठं उदाहरण कुबरनेटिसचं, म्हणजे अनेक सर्व्हरांवर प्रोग्रॅम चालवायच्या ओपन सोर्स टूलचं. त्याचे डॉक्स ‘वेबसाइट’ नावाच्या स्वतंत्र रेपोत आहेत. कोड अपाची २.० परवान्याखाली, तर डॉक्स क्रिएटिव्ह कॉमन्सखाली. हिंदी आणि बंगाली भाषांतरंही त्याच रेपोत. कोड न लिहिणारा माणूस तिथं मोकळेपणानं काम करतो आणि डॉक्स तपासणारी मंडळीही निराळी असतात. पण दोन्ही रेपो एकत्र बांधून ठेवायला त्यांना केवढी यंत्रणा लागते! प्रत्येक रिलीजला, म्हणजे नव्या आवृत्तीला, डॉक्सची वेगळी ब्रँच निघते. ज्या सुविधेला डॉक्स लागणार, तिच्यासाठी ठरलेल्या तारखेच्या आत निदान जागा धरणारी एक पुल रिक्वेस्ट (बदल तपासून सामील करून घ्या अशी विनंती) टाकावी लागते. त्या तारखांचा पाठपुरावा करायला रिलीजच्या टीममध्ये माणसं नेमलेली असतात. चार पोरांच्या गटात ही माणसं कुठून आणणार?

माणसं कमी पडली की काय होतं ते ओपनस्टॅक या क्लाउड उभारायच्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या बाबतीत दिसलं. त्यांची बरीचशी मॅन्युअल्स एका मध्यवर्ती रेपोत होती आणि डॉक्सची टीम ती सांभाळायची. टीम आटत गेली, तसा २०१७ मध्ये पाइक नावाच्या रिलीजच्या वेळी इन्स्टॉलेशन आणि कॉन्फिगरेशनचा मजकूर ज्या-त्या प्रकल्पाच्या रेपोत हलवला. कोड जाणणाऱ्यांनीच तो सांभाळायचा, असं ठरलं.

विकी, म्हणजे ब्राउझरमध्येच थेट बदलता येणारी पानं, हा तिसरा मार्ग मी सुचवणार नाही. गिटहबचा विकी आतून वेगळी गिट रेपोच असते, पण तिथं पुल रिक्वेस्टची सोय नाही. म्हणजे तपासणीच गेली.

या पोरांची एक अडचण मात्र खरी आहे. कारखान्यात टूल वापरणारे कुणी मराठी वाचतात, कुणी तेलुगू, कुणी कन्नड. भाषांतर करणारी शिक्षक मंडळी कोडची रेपो उतरवून घेणार नाहीत, आणि त्यांचा वेग रिलीजच्या वेगाशी जुळणारही नाही. कर्नेलमध्ये भाषांतरंही आतच ठेवतात, पण ती करणारे बहुतेक तिथले डेव्हलपरच असतात. म्हणून मी मधला मार्ग सांगितला. मूळ इंग्रजी डॉक्स कोडशेजारी, भाषांतरं वेगळ्या रेपोत. प्रत्येक भाषांतराच्या माथ्यावर ते मूळ पानाच्या कोणत्या कमिटवरून केलं, हे लिहायचं. मग गिट डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणारी कमांड) चालवला की मूळ पानात नंतर काय बदललं ते दिसतं, आणि शिक्षकांना नेमक्या तेवढ्याच ओळी पाठवता येतात. भाषांतर मागं पडलं असेल तर पानावर तसं ठळक लिहून मूळ पानाची लिंक द्यायची. बॅकअप परत आणायचं पान मात्र तिन्ही भाषांत अद्ययावत झाल्याशिवाय रिलीज काढायचं नाही.

पुढं डॉक्स लिहिणारी चार माणसं जोडली गेली आणि वेगळी रेपो हवीशी वाटली, तर गिट फिल्टर-रेपो या टूलनं तेवढा फोल्डर जुन्या इतिहासासकट बाहेर काढता येतो. दोन-तीन वर्षं दोन रेपोंत पांगलेलं परत जुळवताना मात्र एकेक पान कोडशी ताडून पाहावं लागतं. माझी तीनशे पानं जुळवायला अख्खा उन्हाळा गेला.