ग्लिटर पावडरीत मिसळायचं, दोन थरांत दाबायचं की वरून लावायचं?

अ‍ॅक्रेलिकच्या नखांवर, म्हणजे पावडर आणि लिक्विड मिळून नखावर चढवलेल्या कडक थरावर, हात बसायला लागला की ग्लिटरची मागणी सुरू होते. लग्नसराईत तर येणारी प्रत्येक दुसरी मुलगी मोबाइलमधला फोटो पुढे करते. ते नख नेमकं कोणत्या पद्धतीनं केलंय हे फोटोवरून कळत नाही, आणि घोळ तिथेच होतो. ग्लिटर तीन ठिकाणी असू शकतं: पावडरीत मिसळलेलं, दोन पारदर्शक थरांच्या मध्ये दाबलेलं, किंवा तयार नखावर जेलनं, म्हणजे लॅम्पमध्ये कडक होणाऱ्या पॉलिशनं, बसवलेलं. साहित्य थोड्याफार फरकानं तेच, पण प्रत्येक पद्धतीला वेगळा हात लागतो.

"ताई, जास्त चमक कशात?" असं शिकणाऱ्या मुली विचारतात. मी उलट विचारते, तू आकार ब्रशनं देतेस की फाइलनं? ग्लिटरचा कण म्हणजे प्लास्टिकच्या पातळ तुकड्यावर चढवलेला धातूचा आणि रंगाचा मुलामा. फाइल त्यावरून गेली की मुलामा खरवडतो आणि गुलाबी नखाच्या कडेला पांढुरके ठिपके उमटतात. वरून कितीही टॉप कोट मारा, ते झाकत नाहीत. त्यामुळे कण कुठे बसलेत आणि तुमची फाइल कुठवर जाणार, हे आधी बघायचं. चमक नंतर.

पावडरीत मिसळलेलं

बहुतेकजणी इथूनच सुरुवात करतात, कारण दिसायला सोपं आहे. नेहमीसारखाच बीड, म्हणजे ओल्या ब्रशवर पावडरीचा गोळा, उचलायचा, फक्त पावडर चमकणारी. माझ्या मते तिन्हींत अवघड हीच. साधी पावडर मोनोमर, म्हणजे आपलं लिक्विड, शोषते, ग्लिटर शोषत नाही. सवयीनं ब्रश नेहमीइतकाच ओला ठेवला, तर तेवढ्याच बीडमध्ये लिक्विड जास्त होतं. नखावर ठेवल्यावर नीट बघा. पातळ भाग आधी कडांकडे पळतो, ग्लिटर मधे ढीग करून बसतं, आणि क्युटिकलपाशी, म्हणजे नखाच्या मुळाकडच्या कातडीपाशी, कण नसलेली एक ओली, चकाकती रेघ उरते. पुढे लिफ्टिंग, म्हणजे थर नखापासून सुटणं, सुरू होतं ते याच रेघेपासून. शिवाय कातडीला पुन्हापुन्हा मोनोमर लागत राहिलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा जात नाही. क्लायंटचीही आणि तुमची स्वतःचीही.

उपाय ब्रशमध्ये आहे. वाटीच्या काठावर तो एकदा जास्त पुसा. बीड लहान घ्या. नखावर ठेवल्यावर तो क्षणभर गोल राहून मग हळूहळू पसरला पाहिजे. लगेच वाहिला तर ओला, खडबडीत राहून पांढुरका दिसला तर कोरडा. पसरवताना ब्रश ओढू नका, त्याच्या पोटानं टेकवत जा. ओढलं की कण ब्रशबरोबर जातात आणि नखावर रेघा पडतात. दर बीडनंतर ब्रश लिंट नसलेल्या टिश्यूवर पुसलाच पाहिजे. केसांत अडकलेले दोन-चार कण पुढच्या नखाच्या क्युटिकलवर जाऊन बसतात आणि तिथे खरखरतात.

पावडर घरी मिसळत असाल तर चार भाग पारदर्शक पावडरीला एक भाग बारीक ग्लिटर, साधारण ०.२ मिलिमीटरचं, इथून सुरुवात करा. चमक वाढवायला ग्लिटर वाढवत नेलं की नख कच्चं होतं, कारण जोडकाम पावडर करते, ग्लिटर नाही. भरगच्च दिसायला हवं असेल तर खाली त्याच रंगाच्या साध्या अ‍ॅक्रेलिकचा पातळ थर द्या. क्युटिकलजवळचा मिलिमीटरभर भाग मात्र पारदर्शक किंवा गुलाबी पावडरीचाच ठेवा.

दोन थरांत दाबलेलं

आधी पारदर्शक पावडरीचा पातळ थर, त्यावर ग्लिटर, वर पुन्हा पारदर्शक झाकण. मोठे षटकोनी कण, फॉइलचे तुकडे, वाळवलेली फुलं, हे सगळं याच पद्धतीनं शोभतं. इथे फाइलला हवी तेवढी मोकळीक आहे, कारण ती झाकणावर चालते आणि कणापर्यंत पोचत नाही. हात अजून पक्का नसेल तर ही सवलत फार मोठी आहे.

किंमत मोजावी लागते ती जाडीत. खालचा थर नेहमीच्या सवयीनं घातला की झाकण चढल्यावर नख बाजूनं जाडजूड दिसतं. खालचा थर इतका पातळ हवा की टिपवर, म्हणजे लांबीसाठी चिकटवलेल्या प्लास्टिकच्या टोकावर, जेमतेम आहे असं वाटावं. उंचवटा, म्हणजे एपेक्स, झाकणातच बांधायचा. कण बसवताना चारही कडांना थोडी जागा मोकळी सोडा. एखादा मोठा कण कडेबाहेर डोकावला तर फाइल त्याला पकडतेच, आणि तिथून थर सुटायला लागतो. झाकणाचा बीड मात्र किंचित ओला घ्या. कोरडा बीड दाबला की कणांखाली हवा अडकते आणि नखात बुडबुडे दिसतात.

आता नागपूरचा उन्हाळा. अ‍ॅक्रेलिकला २२ ते २४ अंशांची खोली मानवते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास आणि खोलीत कूलर, अशा वेळी लिक्विड वाटीतून उडत राहतं, बीड भराभर कडक होतो आणि चौथा कण ठेवेस्तोवर खालचा थर धरून बसलेला असतो. कूलरचा झोत टेबलावर असेल तर सुटं ग्लिटर सगळ्या खोलीत. वर कूलरच्या दमट हवेनं नखाची तयारी बिघडते, नखाचा ओलावा काढणारं डिहायड्रेटर लावूनही. म्हणून नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, हे काम एसीच्या खोलीतच घ्या. तेही शक्य नसेल तर एका वेळी दोनच नखं हाती घ्या, खालचा थर पूर्ण सुकू द्या आणि ग्लिटर पारदर्शक पावडरीच्या इवल्याशा ओल्या बीडनं टेकवत बसवा. डिसेंबर-जानेवारीत उलटा त्रास. गार लिक्विडमुळे बीड बराच वेळ वाहत राहतो. क्लायंटचे हात आधी चोळून गरम करायला सांगा.

वरून जेलनं

पारदर्शक किंवा गुलाबी अ‍ॅक्रेलिकचं पूर्ण नख तयार करा, फाइल आणि बफर आटपा, धूळ झटका आणि मग ग्लिटर जेल पॉलिश लावून लॅम्पमध्ये धरा. किंवा जेलच्या चिकट थरावर सुटं ग्लिटर दाबा आणि टॉप कोटचे दोन हात द्या, टोकाच्या कडेवरूनही. फाइलचं सगळं काम ग्लिटरच्या आधीच संपलेलं असतं, त्यामुळे चुकायला जागा कमी. वेळही कमी लागतो.

उणीव एकच, पण गिऱ्हाईक ती बरोबर हेरते. पारदर्शक टिपवर हे केलं की हात उलटा करून विचारते, "ताई, खालून असं मळकट काहून दिसते वं?" बाकी दोन पद्धतींत नख खालूनही चमकतं. लांब नखांना हा फरक ठळक, आखूड नखांना कोणी बघत नाही.

दोन-तीन आठवड्यांनंतर काय

नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. ग्लिटर क्युटिकलपासून भरगच्च असेल तर रिफिलच्या वेळी, म्हणजे वाढलेली जागा भरताना, जुन्या-नव्याचा सांधा लपवणं जिकिरीचं. मिसळलेल्या पावडरीची तीच डबी नसेल तर रंगही जुळत नाही. म्हणून टोकाला दाट आणि क्युटिकलकडे विरळ होत जाणारं काम मी सुचवते. मागची वाढ दिसत नाही आणि रिफिल साध्या गुलाबी पावडरीत होतं. जेल वरून असेल तर तेवढाच थर घासून नवा रंग देता येतो. महिन्याला रंग बदलणाऱ्या कॉलेजच्या मुलींना हेच परवडतं.

काढताना मिसळलेलं ग्लिटर सर्वांत हट्टी. आधी लांबी कापून चमकता थर जमेल तितका घासा आणि मगच अ‍ॅसिटोन. ओढून काढू नका.

सामानाचं काय

नागपुरात इतवारीच्या ठोक बाजारात ग्लिटर स्वस्त मिळतं, पण सजावटीचं ग्लिटर आणि नखाचं ग्लिटर एक नव्हे. चिमूटभर ग्लिटर झाकणबंद काचेच्या बाटलीत थोड्या मोनोमरमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी लिक्विडला रंग आला असेल किंवा कण फिके पडले असतील तर ते रुखवतासाठी ठेवा. लिक्विडच्या बाटलीवर ईएमए (एथिल मेथाक्रिलेट) लिहिलेलं बघूनच घ्या. एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) असलेलं लिक्विड स्वस्त पडतं, पण ते फार कडक होतं आणि अ‍ॅसिटोनला सहज दाद देत नाही. नख अडकून ओढलं गेलं तर अ‍ॅक्रेलिक तुटण्याऐवजी खालचं खरं नख फाटतं. अमेरिकेत शुद्ध एमएमएच्या नख-उत्पादनांवर १९७० च्या दशकातच कारवाई झाली होती.

मग कोणी काय घ्यावं? घरी काम सुरू केलंय आणि आकार फाइलनंच येतो, त्यांनी आधी जेल, मग दोन थरांचं. नवरीचं काम असेल तर दोन थरांचंच, अर्धा-पाऊण तास जास्त गेला तरी चालेल. तिला वेळ मात्र हळदीनंतरची द्या, पारदर्शक टोकांवर हळदीचा पिवळा डाग फार उठून दिसतो. मिसळलेल्या पावडरीकडे वळायचं ते साध्या गुलाबी पावडरीचं नख फाइल न लावताही गुळगुळीत उतरायला लागल्यावर.