प्लग गरम लागतोय? आधी बोर्ड बदलू नका : इंडक्शन शेगडी, वॉरंटी संपल्यानंतरचा अनुभव

कंपनीचा माणूस म्हणाला शेगडीच्या आतला सर्किट बोर्ड गेलाय, आणि बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. मुख्य म्हणजे हे सांगायला लिहितेय. शेगडीवर स्वयंपाक कसा होतो ते पुढे येईलच.

शेगडी २००० वॉटची, एका भांड्याची, काचेच्या टॉपची. फीचर्स सगळ्यांना पाठ आहेत, ती पुन्हा लिहीत नाही. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, घरात पाच माणसं. गॅस आहेच, पण सकाळचा चहा, दूध, कुकर आणि उकडायचं सगळं शेगडीवर होतं. वॉरंटी संपली आणि थोड्याच दिवसांत त्रास सुरू झाला. कमी वॉटवर शेगडी बिनबोभाट चालायची. कुकर ठेवून १८०० किंवा २००० ला नेली की थोड्या वेळाने खटकन बंद. लगेच टूं वाजायचं आणि नुकताच प्लग लावल्यासारखा दिवा लुकलुकायचा. पुन्हा चालू केली की पुन्हा तेच. डाळ अर्धी कच्ची, मुलांचे डबे खोळंबलेले.

तक्रार नोंदवली. माणूस आला, शेगडी उलटी केली, चार स्क्रू काढले, आत बघितलं. “मॅडम, बोर्ड गेला. नवीन टाकावा लागेल.” सांगितलेली रक्कम शेगडीच्या जवळजवळ निम्म्या किमतीची होती. मी विचारलं, बोर्ड गेलाय तर कमी वॉटवर कशी चालते? “इंडक्शनमध्ये असंच होतं.” मीटर त्याच्या बॅगेतच राहिला, भिंतीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. व्हिजिट चार्ज घेतला, कागदावर ‘बोर्ड खराब’ लिहिलं आणि गेला.

निम्मे पैसे घालायला मन घेईना. शेजारच्या काकूंकडे वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट आहे. तिथे शेगडी लावली, पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं आणि २००० ला नेली. खळखळून उकळी आली, नंतरही बराच वेळ चालू ठेवली, एकदाही बंद पडली नाही. म्हणजे दोष शेगडीत नव्हताच, आमच्या भिंतीत होता.

आमच्या भागातल्या वायरमन दादांना बोलावलं. त्यांनी एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, खाली केला, टेस्टर लावून खात्री केली आणि प्लेट उघडली. न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता. तिथलं वायरचं आवरण तपकिरी होऊन कडक झालेलं, सॉकेटची पितळी पट्टी काळी पडलेली. “ताई, अजून काही दिवस असंच चाललं असतं तर इथेच पेट घेतला असता,” ते म्हणाले. वायरचं जळलेलं टोक कापून नवं सॉकेट बसवलं. प्लगची पिनही काळवंडली होती, म्हणून चांगल्या प्रतीचा १६ अँपिअरचा प्लग टाकला. सामान आणि मजुरी धरून सगळं काम कंपनीच्या व्हिजिट चार्जपेक्षा कमी पैशात झालं. तेव्हापासून शेगडी २००० वर निर्धास्त चालते.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. २००० वॉटला २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर करंट लागतो. ढिल्या जोडात अर्धा ओम रोध जरी तयार झाला तरी त्या एका स्क्रूपाशी जवळपास ३८ वॉट उष्णता तयार होते, तीही बंद प्लास्टिकच्या डबीत. जोड तापतो, त्यामुळे आणखी ढिला होतो, ठिणग्या पडतात. क्षणभर पुरवठा तुटला की शेगडी पहिल्यापासून सुरू होते. कमी वॉटवर करंट कमी, म्हणून तेव्हा काही जाणवत नाही. आणि एमसीबी यात काहीच करत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

म्हणून मोठा स्वयंपाक झाला की शेगडीचा पंखा थांबल्यावर बटण बंद करून प्लग काढा आणि हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, जळकट वास आला किंवा पिन काळी दिसली तर त्या पॉइंटवर शेगडी लावणं लगेच थांबवा आणि वायरमनला बोलवा. स्वतः प्लेट उघडू नका. एक्स्टेंशन बोर्ड किंवा १६ च्या प्लगला ६ च्या सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर या शेगडीला कधीच नको.

रागाच्या भरात हिला एक तारा द्यायचं ठरवलं होतं. आता तसं वाटत नाही. यंत्र चांगलं आहे, फक्त त्याला हवा लागते. खालचा पंखा आतला बोर्ड थंड ठेवतो, आणि आपल्याकडे शेगडीखाली वर्तमानपत्र नाहीतर प्लास्टिकचा कागद अंथरायची सवय असते. तो कागद ओढला जाऊन जाळीला चिकटतो आणि हवा कोंडते. खाली काही अंथरू नका, भिंतीपासून वीतभर जागा सोडा, महिन्यातून एकदा प्लग काढून जाळीवरची तेलकट धूळ कोरड्या ब्रशने काढा. स्वयंपाक झाल्यावर पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तो थांबल्याशिवाय भिंतीवरचं बटण बंद करू नका. आमच्या आई वीज वाचावी म्हणून लगेच बटण बंद करायच्या. पंख्याला वीज नगण्य लागते हे सांगितल्यावर त्याच आता सगळ्यांना थांबवतात. काचेला तडा गेला तर मात्र शेगडी वापरूच नका, सांडलेलं पाणी थेट आत उतरतं.

माझी खरी तक्रार मंद आचेची आहे. आकडा २०० वॉटचा दिसतो, पण शेगडी २०० वर चालतच नाही. काही सेकंद जोरात तापवते, मग काही सेकंद पूर्ण बंद, आणि सरासरी दाखवते. या किमतीच्या बहुतेक शेगड्यांचं सर्किट असंच असतं. दूध आटवताना हे लगेच कळतं. बासुंदी तळाला लागते. जाड बुडाचं पातेलं घेतलं की बरंच निभावतं, पण गॅसच्या बारीक ज्योतीची सर नाही. पॅकवर २०० लिहायचं तर ते खरं असावं, ही माझी साधी अपेक्षा आहे.

भांड्यांचं म्हणाल तर तळाला चुंबक चिकटला की भांडं चालतं. भांडी बाजारातून हौसेने आणलेली तांब्या-पितळेची भांडी इथे कामाची नाहीत, ॲल्युमिनियमचीही नाहीत. फोडणीची पळी एवढी लहान असते की शेगडी तिला ओळखतच नाही. भरिताचं वांगं, पापड आणि बाजरीची भाकरी फुगवायला ज्योतच हवी, त्यासाठी गॅस ठेवावाच लागतो.

खर्चाचं सांगते. एक लिटर पाणी उकळायला साधारण ०.१ युनिट लागतं. पण महावितरणचा दर १०० युनिटच्या पुढे चांगलाच वाढतो. तुमचं मीटर आधीच १०० च्या वर जात असेल तर शेगडीचं प्रत्येक युनिट महागड्या दराने पडतं. सिलिंडरशी तुलना करताना तोच दर धरा.

शेगडीला चार तारे, सर्व्हिसला एकही नाही. ‘बोर्ड खराब’ लिहिलेला कागद, जळक्या सॉकेटचे फोटो आणि वायरमनचं बिल जोडून कंपनीकडे व्हिजिट चार्ज परत मागितला आहे. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन करणार आहे. रक्कम फार मोठी नाही, पण सोडणार नाही.