स्वस्त गिटार, आठ महिन्यांनंतर

रोज साधारण पाऊण तास, असे आठ महिने वाजवून झाल्यावर लिहितोय. घेतल्याच्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते, दुसऱ्या महिन्यात दोनच. आता डोकं ठिकाणावर आहे.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. घेताना एकाच मॉडेलच्या तीन गिटारी ओळीने हातात घेतल्या होत्या आणि तिन्ही वेगळ्या निघाल्या. पहिलीचा आवाज छान, पण पाचव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, तार खरखरत होती. दुसरीची मान डोळ्यासमोर धरून बघितली तर पिळवटलेली. तिसरी घरी आली. नाव सांगितलं आणि तुमच्या वाट्याला दुसरी आली तर शिव्या मला बसतील.

त्याआधी एक पाप कबूल करतो. काही वर्षांपूर्वी दिसली ती सगळ्यात स्वस्त, काळी चकचकीत गिटार उचलली होती. तीन महिन्यांत ती कपाटावर गेली, आणि आपल्या बोटांतच दम नाही अशी मी समजूत करून घेतली. यंदा सहज खाली काढून मोजलं, तर बाराव्या फ्रेटवर सर्वात जाड तार साडेचार मिलिमीटर वर. स्टीलच्या तारांच्या गिटारला तिथे अडीचच्या आसपास पुरतं. बिचाऱ्या बोटांवर उगाच आळ घेतला होता.

स्वस्त गिटारीत नेमकं काय स्वस्त असतं, हे कळायला मला पहिले दोन महिने लागले. हल्ली लाकूड कापण्याचं काम संगणकावर चालणारी यंत्रं करतात, त्यामुळे फ्रेटची जागा, मानेचा आकार, खोक्याचा जोड हे सगळं कमी किमतीतही नेटकं येतं. वाचवला जातो तो शेवटचा हात. फ्रेटची टोकं घासून गुळगुळीत करणं, नटच्या (मानेच्या टोकाला तारा पेलणाऱ्या पट्टीच्या) खाचा योग्य खोलीच्या करणं, सॅडलची (खोक्यावर तारा पेलणाऱ्या पट्टीची) उंची जुळवणं ही माणसाने बसून करायची कामं, आणि माणसाचा वेळ महाग. म्हणून गिटार बघताना मी आता दोनच रकाने मनात ठेवतो: नंतर हाताने सुधारेल ते आणि कधीच सुधारणार नाही ते. मान पिळवटलेली असेल किंवा सॅडल आधीच ब्रिजमध्ये, म्हणजे ते बसतं त्या लाकडी ठोकळ्यात, रुतलेलं असून तारा तरीही उंच असतील, तर ती गिटार फुकट मिळाली तरी नको. मान उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च अशा गिटारीच्या किमतीला सहज गाठतो. बाकी बरंच काही दुरुस्त होतं.

माझ्या गिटारीत पहिला घोळ नटचा निघाला. एफ कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा दाबून धरायचा स्वरमेळ) काही केल्या वाजेना, महिनाभर मनगट दुखवून घेतलं. मग एका दुरुस्ती करणाऱ्या काकांनी पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून तोच आकार एक घर पुढे धरायला सांगितला. लोण्यासारखा वाजला! कॅपो लावला की नट बाजूला पडतो, म्हणजे दोष नटच्या खाचांचा. याची दुसरी खूणही त्यांनीच दाखवली. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघायचं. केसाएवढी हवी, माझ्याकडे त्यातून जाड पुठ्ठा गेला असता. काकांनी अर्ध्या तासात खाचा घासून दिल्या. गिटारीच्या किमतीचा जेमतेम दहावा हिस्सा खर्च झाला आणि हातात दुसरीच गिटार आल्यासारखं वाटलं. पहिल्या दिवसापासून हे पैसे बजेटमध्ये बाजूला काढून ठेवायला हवे होते.

सॅडल मात्र मी स्वतः घासलं, आणि तिथे माती खाल्ली. बाराव्या फ्रेटवर तार ०.७ मिमी खाली आणायची तर सॅडल त्याच्या दुप्पट, म्हणजे १.४ मिमी घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. हिशेब पाठ होता. पण सॅडलचा तळ तिरका घासला गेला, त्याचा एक कोपरा ब्रिजला टेकेना आणि बारीक तारांचा आवाज मेला. शेवटी हाडाचं तयार सॅडल बसवून घेतलं. प्लास्टिकच्या पोकळ सॅडलपेक्षा ते खणखणीत वाजतं असं मला वाटतं, पण एवढा उपद्व्याप केल्यावर ते तसंच वाटणार, हेही खरं.

टॉप, म्हणजे खोक्याची वरची फळी, सॉलिड (एकसंध) स्प्रूस लाकडाचा आहे, मागची बाजू आणि कडा प्लायच्या. ओळखायचं कसं? आवाजाच्या भोकाची कड बघायची. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरल्या तर सॉलिड, मध्येच थर दिसले तर प्लाय. भोकाभोवती जाड रंग फासून हे झाकलेलं असेल तर बहुधा झाकण्यासारखंच काही असतं. तरी प्लायला नाक मुरडू नका. यामाहाने १९६६ साली आणलेल्या एफजी १८० चा टॉप प्लायचाच होता आणि लोक आजही त्या शोधत फिरतात. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गायक कंट्री जो मॅकडॉनल्ड त्याच मालिकेतली एफजी १५० घेऊन एकटा मंचावर उभा राहिला होता, पट्ट्याच्या जागी दोरी बांधून.

फिंगरबोर्ड (मानेवरची, बोटं फिरतात ती फळी) रोजवुडचा नाही म्हणून सुरुवातीला मी हिरमुसलो होतो. २०१७ मध्ये रोजवुडच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं, तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस. मधल्या काळात बऱ्याच कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. माझ्या गिटारीचं लाकूड जरा फिकट आहे, बस. बोटांना फरक कळत नाही.

चौथ्या महिन्यात हवा कोरडी झाली आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला टोचू लागली. लाकूड आकसतं, धातू आहे तेवढाच राहतो. टोकं घासून घेतली आणि तेव्हापासून गिटार भिंतीवर न टांगता पिशवीत, आर्द्रता मोजणाऱ्या छोट्या यंत्रासोबत ठेवतो. ४५ ते ५५ टक्क्यांत ती खूश असते. दमट हवेत उलटं होतं, टॉप फुगतो आणि तारा वर चढतात.

सहाव्या महिन्यातली गंमत सांगायलाच हवी. तिसरी तार वाजवली की कुठूनतरी झर्र आवाज. मी ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारी आतली सळई) पाव वळसा फिरवला, परत आणला, तारा बदलल्या, फ्रेट तपासले. आठ दिवस गेले. शेवटी कळलं, एका खुंटीवरची चकती ढिली होती. बोटांनी आवळली, आवाज बंद. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तारांबद्दल एवढंच. दुकानातून आलेल्या गंजक्या तारांवरून कुठल्याही गिटारचा आवाज ठरवू नका. मी १२-५३ वरून ११-५२ च्या, म्हणजे थोड्या बारीक, फॉस्फर ब्राँझच्या तारांवर आलो, बोटं सुखावली आणि आवाज थोडासाच उतरला.

आता तक्रारी. जोरात झोडपली की आवाज एका पातळीनंतर वाढत नाही, नुसता चपटा होतो. मित्राची चौपट किमतीची गिटार तिथे आणखी फुलते. हळू, बोटांनी वाजवताना मात्र डोळे मिटून ऐकणाऱ्या मित्राला दोन्हींतला फरक दोनदा चुकला. ड्रेडनॉटचं, म्हणजे माझ्या गिटारीच्या मोठ्या रुंद आकाराचं, धूड उजव्या खांद्याला तासाभरानंतर नकोसं होतं. लहान चणीच्या माणसाने हा आकार घेण्याआधी बसून बघावं. आणि पिकअप (आवाज स्पीकरला पोचवणारं उपकरण) असलेलं मॉडेल त्याच किमतीत मिळत होतं ते सोडलं, याचा आनंद आहे. या किमतीत पिकअप आणि ट्यूनर घातला की तेवढे पैसे लाकडातून कापले जातात, आणि मला मंचावर कोण बोलावतंय?

खुंट्या अजून मूळच्याच आहेत. पाचवीत थोडी ढील आहे, त्यामुळे ए तार नेहमी खालून वर सुरात आणावी लागते. वरून खाली आणली की दोन गाण्यांत उतरते. नवा संच घेऊन ठेवलाय, पण भोकांचं माप जुळतंय का ते बघायचा कंटाळा गेले सहा आठवडे चालू आहे.