पर्सेंटाइलची हमी देणाऱ्या क्लासमध्ये पैसे भरण्यापूर्वी हे वाचा

एमबीएच्या सीईटीसाठी ‘९५ पर्सेंटाइलची लेखी हमी, अन्यथा संपूर्ण शुल्क परत’ असे सांगून कॉलेज रोड परिसरातील एका क्लासने माझ्या मुलीच्या नावावर ६३,००० रुपयांचे कर्ज चढवले आणि परीक्षा होण्यापूर्वीच गाशा गुंडाळला. एकूण शुल्क ७४,५०० रुपये होते. त्यापैकी ११,५०० रुपये आम्ही यूपीआयने भरले. उरलेली रक्कम बिनव्याजी हप्त्यांत देता येईल असे सांगून तेथील समुपदेशकाने मुलीचे आधार आणि पॅन कार्ड घेतले, आणि तिच्या मोबाइलवर आलेला ओटीपी ‘बॅचमधील जागा निश्चित करण्यासाठी’ म्हणून विचारून घेतला. तो ओटीपी म्हणजे एका वित्तसंस्थेच्या कर्जकरारावरील सही होती. सगळी रक्कम क्लासच्या खात्यात जमा झाली आणि ७,००० रुपयांचे नऊ हप्ते मुलीच्या माथी आले.

सर्वाधिक चीड येते ती पहिल्या भेटीची. त्या माणसाने आमच्यासमोर फळ्यावर लिहून दाखवले की या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात आणि त्यावर आमच्याकडे खास पद्धत आहे. ९५ पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १९० गुण, आणि तेवढे आम्ही मिळवून देतोच, असेही तो म्हणाला. दोन्ही विधाने धादांत खोटी होती. राज्य सीईटी कक्षाच्या २०२५ च्या एमबीए परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न होते आणि चुकीच्या उत्तराला एकही गुण कापला जात नव्हता. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण किती परीक्षार्थींना मिळाले, यावर ते ठरते, आणि परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने गुणांचे सामान्यीकरणही होते. जो आकडा इतर हजारो मुलांच्या कामगिरीवर अवलंबून आहे, त्याची हमी कोणताही क्लास देऊच शकत नाही. हे सारे सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळते. ते वाचलेले असते, तर त्या फळ्यासमोरूनच आम्ही उठून आलो असतो. पण काचेचे कार्यालय, भिंतीवर यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि मुलांची वर्दळ पाहिल्यावर कोणता पालक शिकवणाऱ्यालाच परीक्षेचे नियम विचारतो?

सराव परीक्षांची पुस्तिका हातात आली तेव्हा मुलीलाच पहिली शंका आली. मुखपृष्ठावर ‘एमबीए सीईटी’ असे छापले होते; आत मात्र १०० प्रश्न, ६० मिनिटे आणि चुकीच्या उत्तराला पाव गुणाची वजावट, म्हणजे सरळसरळ बँक भरतीच्या पूर्वपरीक्षेचा नमुना. पानांच्या तळाशी मूळ प्रकाशकाचे नाव पांढरी पट्टी चिकटवून झाकले होते आणि झेरॉक्समध्ये त्या पट्टीची कड स्पष्ट उमटली होती. विचारणा केल्यावर ‘पाया पक्का करण्यासाठी’ असे उत्तर मिळाले.

क्लास बंद झाला तोवर दोन हप्ते कापले गेले होते, म्हणजे २५,५०० रुपये गेले. तिसरा हप्ता आम्ही रोखला, तर ५९० रुपये दंड लागला आणि वसुलीचे फोन सुरू झाले. उद्या एमबीएसाठी शैक्षणिक कर्ज मागायचे, तर मुलीचा सिबिल स्कोअर आजच खराब होत आहे. वित्तसंस्था म्हणते, क्लासशी आमचा संबंध नाही. मग क्लासच्या टेबलावर तुमचे कर्ज मंजूर कसे झाले, याचे उत्तर तिच्याकडे नाही.

पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की हा देण्याघेण्याचा दिवाणी वाद आहे. सायबर शाखेने सांगितले की ओटीपी तुम्ही स्वतःहून दिला, त्यामुळे यात सायबर गुन्हा नाही. शिक्षण खात्याच्या कार्यालयात ‘खासगी क्लास आमच्या अखत्यारीत येत नाहीत’ एवढे ऐकवण्यासाठी दुपारभर बाकावर बसवून ठेवले. निवडीची खोटी हमी देणाऱ्या कोचिंगच्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे, आणि तशी हमी देणारा या क्लासचा फलक मात्र भर रस्त्यावर महिनोन्‌महिने झळकत होता. तो एकाही अधिकाऱ्याला दिसला नाही, आणि आम्हाला मात्र प्रत्येक टेबलावरून ‘तुम्ही नीट चौकशी करायला हवी होती’ असे ऐकवण्यात आले. फसवणारा मोकळा आणि जाब फसलेल्याला, हा कुठला न्याय?

‘बिनव्याजी हप्ते’ हे शब्द कानावर पडले की कर्ज कोणाच्या नावावर आणि कोणत्या संस्थेचे, हे आधी लेखी घ्या. ओटीपीचा संदेश पूर्ण वाचल्याशिवाय आकडा कोणालाही सांगू नका. डिजिटल कर्ज घेतल्यावर ते रद्द करण्यासाठी ठरावीक मुदत मिळते, ती वाया घालवू नका. वर्षाचे शुल्क एकरकमी मागणाऱ्या क्लासच्या पायऱ्याच चढू नका. वित्तसंस्थेने तक्रारीला ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. आम्ही ती केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि समान तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागता येते. त्याच बॅचमधील पालकांनी शुल्काची पावती, हमीपत्र, कर्जखात्याचा उतारा आणि ती पुस्तिका यांतील एकही कागद टाकून देऊ नये. आम्ही एकत्रित तक्रारीचा मसुदा तयार करत आहोत.